नऊ साखळ्या आणि दीड आणा

आमच्या विश्वंभरनानांना रस्ता विचारायची सोय नाही. परवा औषधांच्या कंपनीचा एक माणूस मोटारसायकलवरून आला आणि दवाखाना कुठे म्हणून त्यांनाच विचारून बसला. नाना ओट्यावरून उठले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हितून सरळ चार साखळ्या जावा. मंग उजव्या अंगाला सात आणे. लिंबाचं झाड लागंल, त्याच्या बुडापासून परत तीन आणे." तो माणूस गाडी तशीच फुरफुरत ठेवून दोन मिनिटं नानांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "राहू द्या काका, मोबाइलवर बघतो."

"बघा, बघा," नाना म्हणाले. "त्यो मोजतोय वरून. आमी मोजलंय खालून."

नाना सरकारी मोजणीखात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. आता खात्यात यंत्रं आली, उपग्रह आले. पण नानांची लोखंडी साखळी त्यांच्या घरात देव्हाऱ्याच्या खालीच खुंटीला टांगलेली आहे. तेहतीस फुटांची एक साखळी, तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. जगाचं माप नाना यातच सांगतात. मी त्यांची भाडेकरू. माहेर माझं चकलांब्याचं, नोकरी इथल्या शाळेत, धारूरच्या पुढे डोंगराच्या कडेला. खोल्या ठरवायला आम्ही नवराबायको आलो तेव्हा नानांनी आमच्यासमोर दोन्ही खोल्या मोजल्या आणि भाडेकराराच्या कागदावर चतुःसीमा लिहिली: पूर्वेस घरमालकाचे स्वयंपाकघर, पश्चिमेस तुळस, उत्तरेस न्हाणी, दक्षिणेस म्हैस.

माझ्या नवऱ्याने सही करता करता विचारलं, "नाना, म्हैस विकली तर?"

नानांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. पेन कानावर ठेवून विचार केला. "मंग नवीन टिपण काढावं लागंल," ते म्हणाले. टिपण म्हणजे त्यांच्या खात्याच्या भाषेत मोजणीचा कागद.

त्यांची दोन पालुपदं आहेत. एक, "हद्द म्हंजी हद्द." हे ते भाजीवालीपासून सरपंचबाईंपर्यंत सगळ्यांना ऐकवतात. दुसरं, "साखळी आडवी, वळंबा सरळ." याचा अर्थ मला पहिल्याच आठवड्यात तीनदा समजावून सांगण्यात आला. चढउतारावर मोजताना साखळी जमिनीवर टाकायची नसते. ती हवेत ताणून आडवी धरायची आणि टोकापासून ओळंबा सोडून खाली खूण करायची. उतारावर साखळी टाकली की माप तोकडं पडतं, हद्द अलीकडेच संपते. "आमच्या सबंध नोकरीत मॅडम, एकदा बी साखळी उतारावर टेकली न्हाई," असं म्हणताना नाना छातीवर हात ठेवतात.

साखळी म्हटली की दोन माणसं आली. दुसरं टोक धरायला भानुदासकाका. हे त्याच खात्यात शिपाई होते. तीस वर्षं नानांच्या मोजणीला साखळीचं दुसरं टोक त्यांनीच ओढलं. दोघं मागेपुढे निवृत्त झाले. नाना ओट्यावर बसले आणि भानुदासकाकांनी शाळेच्या उताराच्या तळाशी, फाट्याजवळ, पानटपरी टाकली. तरी रोज सकाळी टपरी उघडण्याआधी ते चढ चढून वर येत आणि दोघं मिळून काहीतरी मोजत. हातपंपापासून पाण्याची टाकी. मारुतीच्या पारापासून पिंपळ. पिंपळ कुठे जातो, असं मी एकदा विचारलं, तर नाना म्हणाले, "जात न्हाई, पण वाढतोय न्हवं?"

मोजताना भांडण ठरलेलं.

"भान्या, ताण बे!"

"ताणलीय साहेब. तुमचाच हात ढिल्ला पडलाय."

"मी ढिल्ला? बावीस गावं मोजलीत ह्या हातानं!"

"मी काय तवा झाडाखाली झोपलतो का?"

मग नाना वर जात, भानुदासकाका खाली जात आणि दुपारी चार वाजता नाना चहाला टपरीवर हजर. तिथे भांडणाचा उरलेला भाग.

आता नानांच्या तोंडाचं सांगायला हवं. नानांचं तोंड पूर्ण उघडत नाही. नोकरीतली सगळी वर्षं गालात सुपारी आणि तंबाखूची गोळी असायची, पुढे पुढे पुड्या आल्या. गाल आतून दोरीसारखे कडक झाले. डॉक्टरांनी त्यांना बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. चांगल्या तोंडात तीन बोटं जातात. नानांची गेली दीड. त्या दिवशी नानांनी सगळं सोडलं, पण गेलेली दीड बोटं परत आली नाहीत. भाकरी ते दुधात कुस्करून खातात. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून बोटं घालतात आणि माझ्या खिडकीकडे बघून ओरडतात, "मॅडम, आज बी दीडच!" हसत सांगतात, म्हणून आपणही हसतो.

तर अशा घरात मी राहायला, आणि शाळेत सगळ्यांत नवीन म्हणून तंबाखूमुक्त शाळेचं काम माझ्या गळ्यात. फलक लावायचा, घोषवाक्यं लिहायची, समिती करायची. हे सगळं जमलं. अडलं एकाच ठिकाणी. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी, आणि त्या हद्दीवर रस्त्यात पिवळी रेघ मारायची. मुख्याध्यापक सर म्हणाले, "पी.टी.च्या सरांना सांगा पावलं टाकायला."

हे मी घरी सहज बोलून गेले. नाना ताडकन उठले. "पावलं? हद्द पावलांनी?" त्यांनी चष्मा लावला, मुख्याध्यापकांचं परिपत्रक माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं. "यार्ड म्हंजी वार. शंभर वार, तीनशे फूट. नऊ साखळ्या आन दीड आणा." हिशेब त्यांनी परिपत्रकाच्या मागच्या बाजूवर केला होता, पण चेहरा असा की जणू मुखोद्गत होतं.

त्या दिवसापासून तंबाखूमुक्त शाळा माझी राहिली नाही, नानांची झाली. शाळेच्या आवारात विडीचं थोटुक दिसलं की नाना पंचनामा करत. थोटकाची चतुःसीमा लिहीत: पूर्वेस नळ, पश्चिमेस मुलींचे स्वच्छतागृह, उत्तरेस चाफा, दक्षिणेस पंच स्वतः. एकदा टाकीच्या मागे त्यांना एक पेन सापडलं. जाड, निळं, चकचकीत. पंचनाम्याला त्याच पेनाने सही करावी म्हणून कागदावर घासलं, उमटेना. मग बंद पडलेल्या रिफिलीला आपण करतो तसं त्यांनी टोक ओठात धरून जोरात ओढलं. पुढच्या क्षणी नानांच्या नाकातून पांढरा धूर निघाला आणि खोकत खोकत ते वर्गात माझ्यापर्यंत पोहोचले.

"मॅडम, ह्या पेनात आंबा हाय!"

ती ई-सिगारेट होती. शहरातून लग्नाला आलेल्या कुणा पाहुण्याच्या खिशातून दहावीच्या पोरांपर्यंत पोहोचलेली. विकायलाही बंदी असलेली वस्तू, पण पोरांच्या मते ती सिगारेट नव्हेच, नुसती वाफ. मी दोन तास घेऊन आत काय काय असतं ते शिकवलं. त्याचा परिणाम किती झाला मला माहीत नाही. नानांनी प्रार्थनेच्या वेळी समोर उभं राहून एवढंच सांगितलं, "पोरांनो, जे आंब्यासारखं वास मारतं आन आंबा नसतं, ते कावून ओढायचं? मी ओढलंय. लई वाईट हाय." ते जास्त पोहोचलं. पंचनाम्यात नोंद आहे: पेन एक नग, शाई नसलेला, धूर असलेला.

मग प्रसार. सर म्हणाले, जाहीर सूचना घंटागाडीवर लावू. कचरा गोळा करणारी ही गाडी सकाळी गावभर गाणं वाजवत फिरते. गाण्याच्या जागी नानांचा आवाज भरला. मजकूर नानांचाच. "ऐका ग्रामस्थहो! शाळेच्या फाटकापासून नऊ साखळ्या दीड आणा येवढ्या हद्दीची मोजणी येत्या सोमवारी होणार हाय. हद्दीत कोणाचं काय असंल ते काढून घ्यावं. हद्द म्हंजी हद्द!" यात तंबाखू हा शब्द राहून गेला. दुसऱ्या दिवशी नानांच्या ओट्यावर सातबारे घेऊन सात शेतकरी बसले होते. गावातून नवा रस्ता जाणार आणि जमिनी संपादनात जाणार, अशी हवा झाली होती. एक आजी तर रडतच आल्या. नानांनी सगळ्यांना चहा पाजला आणि पुन्हा आवाज भरला. या खेपेला तंबाखू सतरा वेळा आला.

सोमवारी मोजणी झाली. सरपंचबाईंनी नारळ फोडला. सरांनी मोबाइलवर सगळं चित्रण केलं, शाळेच्या ग्रुपवर टाकायला. एका टोकाला नाना, एका टोकाला भानुदासकाका. आमचा उतार चांगलाच उभा आहे, पोरं सायकल हातात धरून चढवतात. एक साखळी, दोन, तीन, करत दोघं खाली गेले. नेहमीचं भांडण त्या दिवशी झालं नाही. मला वाटलं, चार लोक बघतायत म्हणून असेल. नववी साखळी आणि दीड आणा संपला तिथे मी पिवळा रंग ओतला. रेघेच्या पलीकडे दोन फुटांवर भानुदासकाकांची टपरी.

"टपरी हद्दीच्या भाईर," नाना मोठ्याने म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भानुदासकाकांनी साखळी गुंडाळली आणि वर न बघता नानांच्या हातात दिली.

मलाही बरं वाटलं. चहा चांगला करायचे काका. आणि नानांचं तिथलं चार वाजताचं भांडण बंद झालं असतं तर संध्याकाळभर ते माझ्याशी भांडले असते.

पोरं मात्र पोरंच. मधल्या सुट्टीत नववीची चौकडी रेघेपर्यंत जायची, उडी मारून पलीकडे व्हायची आणि ओरडायची, "नाना, हद्दीच्या भाईर!" अठरा वर्षांच्या आतल्यांना देऊ नये हे काकांना ठाऊक होतं, पण पोरं बापाचं नाव सांगून पुड्या न्यायची. नाना ओट्यावरून बघायचे. पायाने म्हशीला उगाच ढोसायचे.

दोनेक आठवड्यांनी मी नानांना नववीच्या वर्गावर बोलावलं, बोटांची चाचणी घ्यायला. वर्गात धमाल. सगळ्यांची तीन तीन बोटं तोंडात, बोलता कुणालाच येईना, एका पोरीने हौसेने चार घातली आणि टाळ्या मिळवल्या. नाना बाकाबाकाशी जाऊन बघत होते, चेष्टा करत होते. शेवटच्या बाकावर किरण होता. आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर, पोरगा चुलत्याकडे. कबड्डीत शाळेचा पहिला गडी. त्याची दोन बोटं गेली. तिसरं जाईना. पोरं हसायला लागली, तोही हसायला लागला, जोर करून ढकलायला लागला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

नाना हसले नाहीत. त्याच्या शेजारी बाकावर बसले. "किती दिस झाले खातूस?"

"दोन वर्षं."

"कुठून घेतूस?"

किरणने तोंडातली बोटं काढून शर्टाला पुसली. "हद्दीच्या भाईरून, नाना," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, जे खरं ते सांगितलं.

नाना उठले आणि वर्गातून निघून गेले. चार वाजता टपरीवर गेले नाहीत. मी चहा नेऊन दिला तर तो निवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखळीच्या आवाजाने मी बाहेर आले. भानुदासकाका नेहमीसारखे चढून आले होते. नाना समोर शाळेच्या फाटकात उभे, एका हातात साखळी, दुसऱ्यात ओळंबा.

"आज काय मोजायचं साहेब?"

"फेरमोजणी," नाना म्हणाले. "शाळेची हद्द."

भानुदासकाकांनी ओळंब्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे करून आपलं टोक घेतलं. खाली उताराला गेले, आणि नानांनी काही सांगायच्या आत साखळी दोन्ही हातांनी डोक्याच्याही वर उचलून धरली. आडवी.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विज्ञान शिकवते, आणि सोमवारी नारळाचं खोबरं वाटत होते! घरात जाऊन मोबाइलवर ते चित्रण काढलं. स्पष्ट दिसत होतं. नऊच्या नऊ वेळा साखळी डांबरावर टेकलेली. ओळंबा नानांच्या खिशात, त्याची दोरी बाहेर लोंबतेय. सबंध नोकरीत एकदाही न केलेली चूक नानांनी अख्ख्या गावासमोर, नारळ फोडून केली होती.

मी धावत खाली गेले तोवर मोजणी संपली होती. नवी खूण टपरीच्या मागच्या फळीपाशी पडली होती. टपरी चार फूट आत.

"भान्या, त्या दिवशी मी..." नाना बोलायला लागले.

"मला तवाच कळलं साहेब," काका म्हणाले. "तीस वर्सं टोक धरलंय. साखळी खाली टेकली तवा बोलायला पायजे होतं. न्हाई बोललो. पोटाचा सवाल होता."

"मंग आज कावून उचलून धरली?"

"तुमी वळंबा घेऊन आलाव, म्हनून."

तोवर चार माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, त्यात काय, टपरीला चाकं आहेत, चार फूट मागे ओढा, मिटलं. दोघेजण तर हात लावायला पुढेही झाले. भानुदासकाकांनी टपरीच्या दारात लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळांकडे पाहिलं. "टपरी सरकवली तर पोरं बी सरकत्यात," ते म्हणाले. आणि माळा उतरवायला लागले.

एवढं सोपं नव्हतं ते. टपरीचा निम्मा धंदा त्या माळांवर होता, आणि घरी काकू आणि शिकणारी नात. काका एकेक माळ मोजून पिशवीत टाकत होते. नाना दोनतीन वेळा खाकरले.

"माझ्या वट्यावर ये," ते एकदम म्हणाले. "चहा कर. भजी कर. वह्या, पेनं ठेव. शाळेच्या फाटकासमोर हाय, तुझ्या चहाला तिथं कोण आडवणार? मास्तर लोक दिवसातून चारदा चहा पित्यात, ही मॅडम तर पाचदा पिती."

मी चारदाच पिते. पण ती वेळ भांडायची नव्हती.

"भाडं?" काका म्हणाले.

"वटा मोजावा लागंल आदी," नाना म्हणाले. आणि दोघं तिथल्या तिथे भांडायला लागले, ओटा किती आण्यांचा आहे यावरून. मला इतका आनंद झाला की मी रंगाचा डबा आणायला पळाले.

त्याच आठवड्यात घंटागाडीवर नानांचा तिसरा मजकूर वाजला. "ग्रामस्थहो, मागल्या मोजणीत मोजणीदारानं चूक केलती. मोजणीदार मीच. साखळी खाली टेकवलती. आता हद्द बरोबर हाय." निवृत्त सरकारी माणसाने स्वतःची चूक भोंग्यावर कबूल केल्याचं आमच्या गावात पहिल्यांदाच ऐकलं. फाट्यावरच्या दुसऱ्या दोन दुकानदारांनी आपणहून पाट्या लावल्या: अठरा वर्षांखालील मुलांना मिळणार नाही. भोंग्यावर आपलं नाव येऊ नये, हेही एक कारण असेल.

आता ओट्यावर टपरी थाटली आहे. शेंगदाण्याचे लाडू संपतात, भजी संपतात, वह्या तेवढ्या खपत नाहीत. किरणला मी आणि नाना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, सगळं बंद ठेवलं आणि तोंडाचा व्यायाम केला तर सुधारेल. रोज शाळा भरण्याआधी तो ओट्यावर येतो, नाना आरसा धरतात. परवा तिसरं बोट पेराच्या वर गेलं. नानांनी त्या आनंदात दोन प्लेट भजी वाटली आणि भानुदासकाकांनी ती नानांच्याच नावावर मांडली. म्हैस आता मागच्या अंगाला बांधतात, त्यामुळे माझ्या खोलीच्या दक्षिणेस भजी आली. नवीन टिपण अजून मिळालेलं नाही.

ते टिपण मागायलाच मी रविवारी नानांकडे गेले. ते न्हाणीत होते, आतूनच ओरडले, "पेटीत बघा, वरलाच कागद!" वरचा कागद माझा नव्हता. जुना होता, घड्यांवर फाटलेला. नानांच्या स्वतःच्या घराचं टिपण, निवृत्त झाल्यावर काढलेलं. त्याच वर्षी नानी गेल्या आणि मुलगा पुण्याला स्थायिक झाला, हे मला शेजाऱ्यांकडून माहीत होतं. सुबक अक्षरात चतुःसीमा लिहिली होती: पूर्वेस शाळा. पश्चिमेस लिंब. उत्तरेस मोकळी जागा. दक्षिणेस लगत भानुदास.

नाना केस पुसत बाहेर आले. मी कागद पुढे केला. "नाना, हे चुकलं की. तेव्हा भानुदासकाका उताराच्या तळाशी होते. नऊ साखळ्या लांब. लगत कसे?"

नानांनी कागद घेतला, न वाचताच घडी घातला. बाहेर ओट्यावर काका गाळणं आपटत होते.

"कच्चं टिपण हाय ते मॅडम," नाना म्हणाले. "कच्च्यात चालतंय."